गल्लीतून पाण्यावर : सार्जंटचे व्हेनिस

जॉन सिंगर सार्जंट या चित्रकाराने तरुणपणी व्हेनिसमध्ये केलेल्या महत्त्वाच्या तैलचित्रांत पाणी जवळजवळ दिसतच नाही. ज्या शहराला रस्त्यांऐवजी कालवे आहेत, ज्याच्या नावासरशी जगातल्या कोणाच्याही डोळ्यांपुढे गोंडोला उभी राहते, त्या शहरात जाऊन चोवीस-पंचवीस वर्षांचा हा चित्रकार काय रंगवतो, तर पोपडे उडालेल्या भिंतींचे अरुंद बोळ, अंधारी लांबलचक दालने, काळ्या शाली लपेटलेल्या बायका आणि भिंतीला टेकून सिगारेट पेटवणारा एखादा पुरुष. पुढे वीस वर्षांनी तोच चित्रकार त्याच शहरात पुन्हा पुन्हा येतो, तेव्हा मात्र तो गोंडोलातून उतरायलाही फारसा तयार नसतो. आता पाणी आहे, ऊन आहे, संगमरवर आहे, होड्यांचे दोरखंड आणि नाळी आहेत. नाहीत त्या बोळांतल्या बायका. एकाच माणसाच्या नजरेत एका शहराविषयी एवढे स्थित्यंतर का घडावे, हा प्रश्न मला बरीच वर्षे सतावत आला आहे. त्याचे सर्वमान्य उत्तर असे, की तरुणपणी तो धाडसी होता आणि पुढे पैसा व प्रतिष्ठा मिळाल्यावर तो सुखवस्तू प्रवासी झाला. हे उत्तर मला अपुरे वाटते, आणि काही बाबतींत उलटेही वाटते.

सार्जंटला परदेशस्थ म्हणायचे तर आधी त्याचा स्वदेश कोणता हे ठरवावे लागते, आणि तिथेच पंचाईत होते. तो 1856 साली फ्लॉरेन्समध्ये जन्मला. आईवडील अमेरिकन, वडील फिलाडेल्फियातील डॉक्टर, पण आईला युरोपात हिंडण्याची अनावर ओढ. त्यामुळे मुलांचे बालपण ऋतूप्रमाणे बदलणाऱ्या भाड्याच्या घरांत गेले. स्वतःच्या म्हणवल्या जाणाऱ्या देशात त्याने पहिले पाऊल ठेवले ते 1876 साली, वयाच्या विसाव्या वर्षी. चित्रकलेचे शिक्षण पॅरिसमध्ये कारोल्यूस-द्यूराँ यांच्या कार्यशाळेत झाले आणि 1886 नंतरचे वास्तव्य लंडनमध्ये. इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी तिन्ही भाषा त्याला येत, आणि तिन्ही ठिकाणी तो थोडा बाहेरचाच राहिला. आज आपल्यापैकी अनेकांची मुले परदेशात वाढतात आणि ‘तू मूळचा कुठला’ या प्रश्नावर क्षणभर थबकतात, त्यांना हा माणूस कदाचित चटकन समजेल.

1880 च्या सप्टेंबरात तो व्हेनिसला आला आणि पुढच्या वर्षाच्या आरंभापर्यंत राहिला. त्याआधी माद्रिदला जाऊन जुन्या स्पॅनिश चित्रकार वेलास्केथची चित्रे नकलून आणि हॉलंडला जाऊन फ्रान्स हाल्सची चित्रे पाहून झाली होती, त्यामुळे डोळ्यांत स्पेनचा काळा आणि करडा रंग भिनलेला होता. ग्रँड कॅनॉलवरील का’ रेत्सोनिको या प्रचंड वाड्यात त्याने कार्यशाळेसाठी जागा घेतली. या वाड्याची तेव्हाची अवस्था लक्षात घ्यायला हवी. व्हेनिसचे हजार वर्षांचे प्रजासत्ताक 1797 मध्ये नेपोलियनपुढे संपले, त्यानंतर ऑस्ट्रियाचा अंमल आला, आणि 1866 मध्ये शहर इटलीत सामील झाले तेव्हा त्याचे वैभव केवळ वास्तूंपुरते उरले होते. सरदारांचे वाडे भाड्याने निघाले होते, आणि ते भाडे परदेशी चित्रकारांना परवडत होते. एका पडझडीला आलेल्या शहराचे दारिद्र्य हेच दुसऱ्या देशांतून आलेल्या कलावंतांचे स्वातंत्र्य होते, ही गोष्ट त्या काळच्या व्हेनिसविषयीच्या रसिक लेखनात सहसा कोणी उच्चारत नाही.

त्या हिवाळ्यात आणि नंतर 1882 च्या मुक्कामात त्याने जी चित्रे केली, त्यांतील काही मला सार्जंटच्या एकंदर कामात सर्वांत गूढ वाटतात. पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयातील ‘व्हेनिसमधील अंतर्गृह’ घ्या. वाड्याच्या वरच्या मजल्यावरचा लांब दिवाणखाना, टोकाला गच्चीकडून येणारा उजेड, जमिनीवर उन्हाची एक बारीक रेघ, आणि त्या अंधुक पोकळीत इकडेतिकडे उभ्या-बसलेल्या काही स्त्रिया. कोणी कोणाशी विशेष बोलत नाही. काही घडत नाही. बफेलोच्या संग्रहालयात मणी ओवणाऱ्या स्त्रियांचे चित्र आहे; तिथेही तोच काळोख, तीच मागून येणारी तिरीप. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत एका गल्लीचे छोटेसे, लाकडी फळीवर केलेले चित्र आहे. त्यात एक तरुणी शाल आवळून, नजर खाली घालून झपाझप आपल्याकडे येते आहे आणि कडेला उभे असलेले दोन पुरुष तिच्याकडे पाहत आहेत. ज्या बाईने अशी गल्ली कधी एकटीने ओलांडली आहे तिला ते चित्र समजावून सांगावे लागत नाही.

या मणी ओवणाऱ्या स्त्रियांना व्हेनिसच्या बोलीत इम्पिरारेस्से म्हणत. मुरानो बेटावरच्या आणि शहरातल्या कारखान्यांत काचेच्या पोकळ नळ्या ओढून त्यांचे बारीक तुकडे करीत, आणि ते मणी पोतांत ओवण्याचे काम घरोघरच्या बायकांना कामाच्या मोबदल्यावर दिले जाई. मांडीवर मण्यांनी भरलेली लाकडी पेटी, हातात पंख्यासारख्या पसरलेल्या लांब लांब सुया. त्या सुया मण्यांत खुपसून पुढे ढकलायच्या, की एकेका झपाट्यात कितीतरी मणी चढत. हे काम दारात, बोळात, उजेड मिळेल तिथे बसून चाले. मजुरी अत्यल्प, डोळ्यांची वाट लागणारी. तशाच दुसऱ्या बायका म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या. चौकांतल्या विहिरींवरून तांब्याच्या बादल्या खांद्यावरच्या वाकड्या दांडीला अडकवून त्या घरोघरी पाणी पोचवीत, आणि त्यांतल्या बऱ्याच फ्रिऊलीच्या डोंगराळ भागातून आलेल्या असत. सार्जंटने त्यांचेही चित्र केले. ते अमेरिकेतील वूस्टरच्या संग्रहालयात आहे. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच, 1884 मध्ये, मुख्य भूमीवरून नळाने पाणी शहरात आले आणि तो व्यवसाय हळूहळू संपला. वाफेवर चालणारी प्रवासी बोटही ग्रँड कॅनॉलवर आली ती 1881 मध्येच, आणि त्याविरुद्ध गोंडोला वल्हवणाऱ्यांनी संप केला. म्हणजे सार्जंट ज्या व्हेनिसला कालातीत, झोपाळू म्हणून रंगवत होता, ते त्याच्या पाठीमागे चांगलेच हलत होते.

त्याच वेळी व्हेनिसमध्ये दुसराही एक अमेरिकन परदेशस्थ होता, जेम्स व्हिसलर. इंग्रज कलासमीक्षक रस्किनवरील अब्रुनुकसानीच्या खटल्यानंतर दिवाळे निघालेला हा गृहस्थ 1879 च्या शरद ऋतूत लंडनच्या एका कलासंस्थेसाठी बारा एचिंग करायला तीन महिन्यांच्या बोलीवर आला आणि वर्षभराहून अधिक राहिला. त्यानेही प्रसिद्ध वास्तू टाळून मागच्या गल्ल्या आणि दारे धुंडाळली. गंमत अशी, की तो तांब्याच्या पत्र्यावर समोरचे दृश्य जसेच्या तसे कोरीत असल्यामुळे छापल्यावर सगळे व्हेनिस डावे-उजवे उलटे होई, आणि त्याला त्याची जराही फिकीर नव्हती. शहर ओळखू यावे ही त्याची अपेक्षाच नव्हती. सार्जंटचीही तेव्हा ती नसावी.

समीक्षकांची मात्र होती. 1882 च्या अखेरीस ही चित्रे पॅरिसमध्ये मांडली गेली तेव्हा एका फ्रेंच समीक्षकाने तक्रार केली, की हा चित्रकार आपल्याला अंधारे चौक आणि काळोख्या गल्ल्यांत नेतो, त्याच्या विस्कटल्या केसांच्या बायका व्हेनिसच्या जुन्या चित्रकार तित्सियानोच्या सुंदरींच्या वंशातल्या मुळीच वाटत नाहीत. एवढेच पाहायचे तर इटलीला कशाला जावे? हा शेरा आज आपल्याला हास्यास्पद वाटतो, आणि त्यामुळेच सार्जंटच्या तरुणपणच्या चित्रांना आपण विनासायास वास्तववादी, धीट, गरिबांच्या बाजूची ठरवून मोकळे होतो. या सुलभ कौतुकाशी माझे पटत नाही.

कारण चित्रांकडे पुरेसा वेळ पाहिले, की त्यांतला देखावा जाणवू लागतो. त्याच त्या स्त्रिया वेगवेगळ्या चित्रांत पुन्हा येतात. जीजिया व्हिआनी नावाची एक मॉडेल तर कितीतरी चित्रांत ओळखू येते. म्हणजे गल्लीत अवचित दिसलेली ही माणसे नव्हेत, पैसे देऊन उभी केलेली आहेत. मणी ओवणाऱ्या बायकांचा विषयही काही त्याने शोधून काढलेला नव्हता; व्हेनिसमध्ये स्थायिक झालेल्या सेसिल व्हान हानेन या चित्रकाराने 1876 च्या पॅरिस सालों या मोठ्या कलाप्रदर्शनात तो विषय मांडून वाहवा मिळवली होती. मणी ओवणे हे दाराशी, उजेडात करायचे काम. सार्जंट ते उचलून एका काळोख्या दालनात नेतो, कारण त्याला वेलास्केथचा तो मागून येणारा उजेड हवा आहे. बायकांच्या हातांतले काम त्यामुळे धूसर होते आणि त्यांचे उभे राहणे ठळक होते. जाकोमो फाव्रेत्तो हा त्याच काळचा अस्सल व्हेनिसचा चित्रकार, सुताराच्या घरात जन्मलेला. त्याच्या चित्रांतली व्हेनिसची माणसे भाव करतात, चेष्टा करतात, हसतात, कुजबुजतात. सार्जंटपेक्षा तो कमी प्रतिभेचा होता हे मान्य, पण त्याच्या माणसांना शेजारी आहेत. सार्जंटच्या माणसांना शेजारी नाहीत. ती ज्या अंतरावरून पाहिली आहेत ते अंतर परक्याचे आहे, आणि गल्लीतला अरुंदपणा, जवळून जाणारी शाल, चेहऱ्यावरची तिरपी नजर या सगळ्यांनी ते अंतर झाकले आहे. चित्रे थोर आहेत, त्याविषयी मला शंका नाही. पण ती शहराला जवळून ओळखणाऱ्याची चित्रे आहेत असे जे म्हटले जाते, ते मला खरे वाटत नाही.

मधल्या काळात बरेच काही घडले. 1884 मध्ये मादाम गोत्रो यांच्या व्यक्तिचित्रावरून पॅरिसमध्ये गदारोळ झाला, सार्जंट लंडनला गेला, आणि पुढील दशकभरात इंग्लंड-अमेरिकेतील सगळ्यात मागणी असलेला व्यक्तिचित्रकार झाला. व्हेनिसशी त्याचा धागा टिकला तो मुख्यतः एका घरामुळे. त्याचे दूरचे नातलग डॅनियल कर्टिस आणि त्यांच्या पत्नी अरियाना यांनी 1881 मध्ये पलात्सो बार्बारो भाड्याने घेतला आणि 1885 मध्ये विकत घेतला. कर्टिस मूळचे बोस्टनचे. रेल्वेगाडीत जागेवरून झालेल्या भांडणात त्यांनी एका न्यायाधीशाचे नाक पिरगळले, त्यासाठी तुरुंगात जाऊन आले, आणि बोस्टनवर रागावून कायमचे युरोपात निघून आले. मी स्वतः बोस्टनजवळ राहत असल्यामुळे ही कथा मला विशेष आवडते, कारण या शहरातल्या शिष्टपणाला कंटाळून पळून जाण्याचा इतका ठोस पुरावा दुसरा नाही. त्यांच्या वाड्यात पुढे कादंबरीकार हेन्री जेम्स राहिले, 1908 मध्ये चित्रकार मोने व त्यांची पत्नीही उतरली, आणि बोस्टनच्या इझाबेला गार्डनर यांनी तो वाडा भाड्याने घेऊन राहून पाहिले व मग आपल्या गावी व्हेनिसचा वाडा उलटा केल्यासारखे, म्हणजे दर्शनी भाग आतल्या चौकाकडे वळवलेले, एक संग्रहालयच बांधले.

या वाड्याच्या दिवाणखान्यात सार्जंटने 1898 च्या सुमारास एक चित्र केले, आणि माझ्या मते त्याच्या व्हेनिसमधल्या नजरेचा सांधा तिथे आहे. चित्र लहान आहे, मीटरभरही रुंद नाही. पुन्हा काळोखे दालन, पुन्हा कुठून तरी घुसणारा उजेड. पण आता त्या अंधारात भाड्याने आणलेल्या बायका नाहीत. उजव्या बाजूला वृद्ध कर्टिस दांपत्य बसले आहे आणि मागे डावीकडे त्यांचा मुलगा राल्फ सोनेरी टेबलाला रेलला आहे, सून पांढऱ्या पोशाखात चहा ओतते आहे. काळोखात झुंबराचे, चौकटींचे, गिलाव्याच्या नक्षीचे सोनेरी ठिपके. व्हेनिसच्या सरदाराचा महाल आणि त्यात चहा पिणारे बोस्टनकर! पूर्वी सार्जंटने याच प्रकारच्या दालनात गरीब व्हेनिसवासीयांना उभे केले होते; आता तिथे जे खरोखर राहतात ते, म्हणजे परके, दिसू लागले. सार्जंट हे चित्र अरियानाबाईंना भेट म्हणून देणार होता. त्यांनी ते नाकारले. आपण फारच म्हाताऱ्या दिसतो आणि मुलगा टेबलाला असा रेलून उभा राहिलेला शोभत नाही, अशी त्यांची हरकत होती. मग सार्जंटने ते लंडनच्या रॉयल अकादमीला सदस्यत्वाच्या प्रथेप्रमाणे देऊन टाकले, आणि आजही ते तिथेच आहे. त्या रेलण्यातच सगळे सत्य आहे असे मला वाटते. दुसऱ्याच्या इतिहासाला इतक्या सैलपणे टेकून उभे राहणे घरच्यांना जमत नसते.

त्यानंतर 1913 पर्यंत तो जवळजवळ दरवर्षी व्हेनिसला येत राहिला. उन्हाळा आल्प्समध्ये काढायचा आणि शरदात खाली उतरायचे असा क्रम होता. सोबत स्वतः जलरंगात काम करणारी बहीण एमिली, आणि जेन व विल्फ्रिड द ग्लेन यांच्यासारखी चित्रकार मंडळी. 1907 च्या सुमारास त्याने व्यक्तिचित्रांचे काम जवळपास थांबवले, आणि ज्या माणसाच्या दारात श्रीमंत लोक रांग लावून होते तो आता कोणाच्याही मागणीशिवाय, गोंडोलाच्या गादीवर बसून कागद भिजवू लागला.

गोंडोलात बसल्यावर डोळा पाण्याच्या पातळीपासून हातभर वर असतो. तिथून इमारत पूर्ण दिसत नाही. पायऱ्या दिसतात, खांबांची तळखडी दिसतात, शेवाळाची रेघ दिसते, पुलाची पोटाकडची बाजू दिसते. सार्जंटने हेच रंगवले, आणि वरचे सगळे निःसंकोच कापून टाकले. सान्ता मारिया देल्ला सालूते हे 1630 च्या प्लेगनंतर नवस म्हणून वास्तुकार लाँगेनाने बांधायला घेतलेले देऊळ. त्याचा घुमट जगभर पोस्टकार्डांवर आहे. सार्जंटच्या कितीतरी चित्रांत तो घुमट नाहीच. आहेत त्या पायऱ्या, खांबांच्या जोड्या आणि मध्ये आडव्या आलेल्या मालवाहू होड्या. ब्रुकलिनच्या संग्रहालयातील ‘उसाशांचा पूल’ या जलरंगात तो सुप्रसिद्ध पूल सावलीत निळाजांभळा होऊन गेला आहे आणि पुढे वल्ह्यावर वाकलेले गोंडोलावाले आणि पांढऱ्या छत्र्यांखालची प्रवासी मंडळी उजेडात आहेत. म्हणजे त्याने प्रवासी लपवले नाहीत. आपण कोणाच्या रांगेत बसलो आहोत हे तो सांगून टाकतो.

जलरंगाची आवड असलेल्या वाचकाने ही चित्रे जवळून पाहावीत. आधी पेन्सिलीची मोजकी, बिनचूक रेखाटणी. वास्तूचे प्रमाण एकदा बसले, की त्यावर पाण्याने डबडबलेला रंग. पांढरा संगमरवर म्हणजे बहुतेक ठिकाणी नुसता कोरा ठेवलेला कागद. कधी मेण घासून तिथे रंग बसू दिलेला नाही, कधी शेवटी जाड अपारदर्शक पांढऱ्याचा एखादा फटकारा. पाण्यावरून उसळून इमारतीच्या खालच्या अंगाला भिडणारा परावर्तित उजेड, जो उबदार आणि थरथरता असतो, तो त्याच्याइतका कोणाला साधला असेल असे मला वाटत नाही. तरुणपणी व्हेनिस म्हणजे त्याला काळ्यातला एक कवडसा होता. आता सावलीतही त्याला सात रंग दिसत होते.

आणखी एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी रसिकाला व्हेनिस म्हणजे रस्किनने शिकवलेले गॉथिक व्हेनिस होते, टोकदार कमानींचे. त्या शिकवणीचा प्रसार एवढा झाला, की मुंबईत ओव्हलसमोरचे 1874 चे जुने सचिवालयही व्हेनिसच्या गॉथिक घाटणीचे उभे राहिले, आणि चर्चगेटकडून चालत जाणाऱ्या मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनी व्हेनिस न बघताही त्याच्या कमानी पाहिल्या आहेत. सार्जंटने मात्र या शिकवणीकडे साफ पाठ फिरवली. त्याला भावली ती रस्किनला नावडती, नंतरच्या काळातली वास्तू: सान्सोविनोचे ग्रंथालय, सालूते, सान रोक्को, गोलाकार खांब आणि जाडजूड कंगोरे. ऊन-सावलीला खेळायला तिथे जागा होती. एवढ्या बाबतीत तरी तो कोणाच्या सांगण्यावरून शहर पाहत नव्हता.

पण मग त्या बायका कुठे गेल्या? 1904 मध्ये, म्हणजे सार्जंट सालूतेच्या पायऱ्या रंगवीत होता त्याच वर्षी, मणी ओवणाऱ्या स्त्रियांनी मजुरीसाठी संप केला. त्याचा मागमूस त्याच्या कागदांवर नाही. हे त्याच्या विरुद्ध जाणारे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मात्र मला असे विचारावेसे वाटते, की 1880 मध्ये त्या बायका चित्रात होत्या तेव्हा तरी त्यांची मजुरी चित्रात होती का? त्यांचा काळोख होता, शाली होत्या, मान वळवण्याची ढब होती. त्यांना मिळणारे दाम, दुखणारे डोळे, संप करण्याइतका संताप यांतले काहीच नव्हते. त्या काळच्या चित्रकाराकडून तशी अपेक्षा करणेही कदाचित अन्यायाचे. तरीही जवळिकीचा आभास आणि उघड दुरावा यांतून एक निवडायचे झाले, तर परक्या माणसाने दुरावा निवडणे मला अधिक सभ्यपणाचे वाटते. उत्तरकाळातला सार्जंट शहराच्या अंतःकरणात शिरल्याचा आव आणत नाही. तो पाहुण्याच्या आसनावर बसतो, तिथून जे दिसते तेच रंगवतो, आणि तेवढ्यात मात्र कसूर करत नाही.

हे लिहिताना मी स्वतःच्या बाजूने तर वकिली करत नाही ना, अशी शंका येते. परदेशात अनेक वर्षे राहिल्यावर आपल्यालाही त्या समाजाच्या माजघरात शिरल्याचा आव आणता येतो, आणि तो आव काही काळ खपतोही. नंतर कधीतरी आपण ओसरीवरच बरे आहोत हे उमगते. त्यामुळे मला सार्जंटची जलरंगचित्रे अधिक पटत असतील, तर त्यात माझ्या वयाचा आणि स्थितीचा वाटा आहेच. माझी एक तरुण चित्रकार भाची मात्र हा युक्तिवाद सरळ फेटाळते. तिच्या मते बोळातून नजर चुकवत चालणारी ती एक तरुणी सालूतेच्या सगळ्या पायऱ्यांवर भारी आहे, आणि भाड्याने उभी केली असली तरी तिची ती घाई खोटी नाही. त्यावर माझ्याकडे पुरेसे उत्तर नाही.

या जलरंगांविषयी सार्जंट स्वतः बराच काळ उदासीन होता. ती विकण्याऐवजी मित्रांना वाटून टाकण्याकडे त्याचा कल असे. 1909 मध्ये न्यूयॉर्कला प्रदर्शन भरले तेव्हा ब्रुकलिनच्या संग्रहालयाने एकदम 83 चित्रे विकत घेतली, आणि 1912 मध्ये बोस्टनच्या ललित कला संग्रहालयाने आणखी 45. उजेडाने रंग उडू नयेत म्हणून ती फार दिवस भिंतीवर ठेवता येत नाहीत, त्यामुळे एखाद्या वेळी पाहायला जावे तर ती खणांत बंद असतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात 1913 च्या शेवटच्या मुक्कामातले एक आहे: अरुंद कालवा, दोन्ही बाजूंना घरे, टोकाला घंटाघर, आणि उजव्या काठावर चार रेघांत उभी केलेली काही माणसे. पुढच्या वर्षी महायुद्ध सुरू झाले, नंतर व्हेनिसवरही बॉम्ब पडू लागले, आणि सार्जंट पुन्हा तिकडे गेला नाही.